दोरी कोणी सोडायची?

भाचा युगांडात नोकरीला आहे. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. झाडाखाली बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. घोट्याला दोरी, आणि दोरीचे दुसरे टोक झाडाच्या बुंध्याला. माझ्या तोंडून निघून गेलं, "असल्या बाईला आई म्हणायचं का रे?"

"मावशी, ती शेतावर गेली होती," तो म्हणाला. "मागे चूल बघितलीस का?"

तीन दगडांची चूल होती. निखारे अजून लाल होते.

वाचकहो, उत्तर युगांडातला हा अचोली लोकांचा मुलूख. वीस वर्षे तिथे बंडखोरांचे युद्ध चालले, गावेच्या गावे छावण्यांत राहिली. त्याच काळात कितगुम, पादेर या भागांतल्या मुलांना एक आजार जडू लागला. साधारण पाच ते पंधरा वयाचे मूल. समोर जेवण आले की मान पुढे डुलू लागते. पुढे फिट्स येतात, वाढ खुंटते, समज मंदावते. मूल भरकटते, विस्तवात पडते, पाण्यात पडते. वेगाने वाहणाऱ्या नद्यांकाठच्या काळ्या माश्या चावतात आणि त्यातून एक कृमी अंगात शिरतो, त्याच्याशी या आजाराचा संबंध आढळला. माश्यांचा बंदोबस्त झाला, कृमीचे औषध वर्षातून दोनदा मिळू लागले, तशी नवी मुले आजारी पडणे जवळजवळ थांबले. पण ज्यांना व्हायचा तो होऊन गेला होता. ती मुले आता वाढली आहेत. शिवाय जन्मताना गुदमरलेली, कावीळ डोक्यात गेलेली, मेंदूचा मलेरिया होऊन वाचलेली मुले आहेतच.

शेत केले नाही तर घरात खायला नाही. शेतावर गेले तर मूल विस्तवात. दोरीचा हिशेब एवढाच आहे. माझा राग मग कोणावर काढायचा, ते मला कळेना.

गावकरी म्हणत, युद्धात मेलेल्यांचे विधी झाले नाहीत, ते आत्मे छळतात. शेजारी अशा मुलाला आपल्या ताटात जेवू देत नसत, लागण होईल म्हणून. मी हसले. मग हसू गेलं. आमच्या जुन्या घरी माजघरामागच्या खोलीत एक आत्या असायची, पायांनी अधू. तिचा विषय निघाला की सगळे एकच शब्द बोलत, पूर्वसंचित. तो शब्द उच्चारला की विषय संपे, आणि तिला उन्हात आणून बसवायचे राहून जाई. संचित खोटे आहे असे मी म्हणत नाही. स्वतःचे दुःख सोसताना त्याचा आधार घ्यावा. पण दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवून तो शब्द वापरला, की आपले हात मोकळे होतात. त्या गावात आत्म्यांवर ढकलले, आम्ही संचितावर. मूल दोन्हीकडे मागच्या खोलीतच.

भाच्याला तिथे केंद्र काढायचे आहे. मी विचारलं, किती खोल्या? तो म्हणाला, खोली नंतर. आधी सावली, पाणी, आणि सकाळपासून दुपारपर्यंत मुलांकडे बघणाऱ्या गावातल्याच दोघी बाया. फिट्सच्या गोळ्या वेळेवर. आडवे निजवून भरवले की घास श्वासनलिकेत जातो, म्हणून टेकून बसता येईल अशी खुर्ची. ती जुने पुठ्ठे, रद्दी आणि पिठाची खळ यांच्यापासून करतात. थरावर थर चिकटवून उन्हात वाळवायचे; हे तंत्र झिम्बाब्वेत बसवले गेले. आपल्याकडे भिंतीवर कागद चिकटवायला खळ करतात तशीच. आया शिकतात, स्वतः करतात.

हे ऐकून बरे वाटले, आणि भीतीही वाटली. कारण त्या भागात ओडेक गावी 2012 साली या मुलांसाठी देणग्यांवर असेच एक केंद्र उघडले होते. मुले जेवू लागली, फिट्स कमी झाल्या, काही शाळेतही जाऊ लागली. पुढे पैसा आटला, केंद्र बंद पडले. फिट्सचे औषध एकदम थांबले तर फिट्स उलट जोराने येतात, जीवही जातो. म्हणजे दोरी सोडणाऱ्याने दोन वर्षांनी निघून जायचे असेल, तर त्याने ती सोडावी का? आईने बांधलेली दोरी निदान रोज संध्याकाळी सुटते, कारण ती घरी परतते.

आपल्याला उद्‌घाटनाची हौस भारी. नारळ फुटतो, पाटी लागते, फोटो निघतो. तिसऱ्या वर्षीचा पगार कोण देणार, हे मांडवात कोणी विचारत नाही. (मीही कधी विचारले नव्हते.) म्हणून भाच्याला म्हटलं, "भिंतीसाठी एक पैसा देणार नाही. दोघींचा पगार आणि गोळ्या, महिन्याचा आकडा कळव. पाच वर्षं देते."

"आणि सहाव्या वर्षी गं?"

"तुझ्या त्या गावाला विचार. त्यांनी काय द्यायचं ठरवलंय?"

तो म्हणाला, बसून बोलतो. त्या पुष्कळ बैठका झाल्या म्हणे. एका घरून मक्याचे पोते कबूल झाले आहे. चौघांनी आळीपाळीने पाणी भरायचे ठरले. ज्या शेजारणीने ताट वेगळे ठेवले होते, ती खुर्चीसाठी पुठ्ठे जमवते. औषधांचे अजून कोणी बोललेले नाही.

आकडा परवा आला. माझ्या पेन्शनच्या पासबुकात घडी घालून ठेवला आहे.