जॅकेट कुणाचं होतं?

आई व्हिडिओ कॉलवर होती. मी हौसेने जॅकेट कॅमेऱ्यासमोर धरलं. तपकिरी कातडं, लोकरीची कॉलर, ऐंशी वर्षांपूर्वीचं. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाचे कपडे कशाला रे घरात आणलेस?"

मी म्हणालो, "मेलेल्याचं आहे की नाही, तेच तर ठरत नाहीये."

तिला ती चेष्टा वाटली. पण पुढचे दोन महिने मी खरोखरच या प्रश्नात अडकलो होतो.

मी सॅन डिएगोत शिकतो. हे अमेरिकन नौदलाचं जुनं शहर. इथे एखादं घर रिकामं करताना सामान अंगणात विकायला मांडतात, तेव्हा त्यात गणवेश, बिल्ले, लोखंडी पेट्या निघतात. तिथेच मला हे जॅकेट एकशे ऐंशी डॉलरला मिळालं.

'टॉप गन'मध्ये टॉम क्रूझने घातलेलं जॅकेट तुम्हाला आठवत असेल. ते जी-१, म्हणजे युद्धानंतरचं. माझं त्याच्या आधीच्या पिढीतलं, दुसऱ्या महायुद्धातलं एम-४२२ए. दोघांची ठेवण इतकी सारखी की नवखा माणूस हमखास फसतो. शेळीचं कातडं, मेंढीच्या लोकरीची कॉलर, हात पुढे नेताना ताण पडू नये म्हणून पाठीला खांद्यांमागे चुण्या, आत नकाशा ठेवायचा खिसा. भूदलाच्या वैमानिकांचं ए-२ यापेक्षा वेगळं. त्याची कॉलर साधी शर्टासारखी, लोकरीविना. पक्की ओळख पटते ती लेबलवरून. त्यावर कंत्राटाचा क्रमांक असतो आणि त्यावरून जॅकेट कोणत्या कंपनीने साधारण केव्हा शिवलं ते कळतं. माझ्या जॅकेटचं लेबल शाबूत होतं.

छातीवर डावीकडे चौकोनी आकारात सुईची बारीक भोकं होती आणि आतलं कातडं गडद होतं. तिथे एकेकाळी नावाची पट्टी होती. उजवीकडे तशीच गोल खूण होती, तुकडीच्या बिल्ल्याची. कापडातला टाका उसवला की भोक हळूहळू बुजतं. कातड्यात तसं होत नाही. सुई एकदा शिरली की भोक कायमचं.

आणि अस्तरावर, शाईने लिहिलेलं अर्धवट पुसट एक आद्याक्षर आणि आडनाव.

इथून खरा खेळ सुरू झाला. त्या काळातल्या नौदलाच्या जहाजांवरच्या आणि तुकड्यांमधल्या शिपायांच्या हजेरीयाद्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मी रात्री जागून त्या चाळल्या. ते आद्याक्षर आणि ते आडनाव जुळणारे, विमानात काम करणारे दोघं सापडले. दोघांची नावं इथे देत नाही. एक गनर होता. १९४४ साली विमानासकट पॅसिफिकमध्ये बेपत्ता झाला. दुसरा रेडिओ सांभाळायचा. युद्ध संपल्यावर घरी आला, आणि म्हातारा होऊन गेला. म्हणजे आईचं तसं बरोबरच होतं, आज दोघंही नाहीत.

खरं सांगतो, पहिला सापडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुसरा सापडला तेव्हा मी हिरमुसलो. एक माणूस जिवंत घरी परतला होता आणि मला त्याचं वाईट वाटत होतं! ही गोष्ट मला अजून टोचते.

त्याला कारण बाजार. युद्धात वारलेल्याचं जॅकेट म्हटलं की किंमत कितीतरी पट होते. ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत 'हॉर्नेट' या विमानवाहू जहाजावरून आठव्या टॉर्पेडो तुकडीची १५ विमानं उडाली. सगळी पडली. ३० जणांपैकी एकटा जॉर्ज गे वाचला. अशा तुकडीचा नुसता बिल्ला जरी जॅकेटवर दिसला तरी संग्राहकांचे डोळे लकाकतात. म्हणूनच बिल्ले बनवले जातात, जुनाट दिसावेत म्हणून मळवले जातात आणि शिवले जातात. जाणकार ते अतिनील दिव्याखाली धरतात, कारण आजच्या धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं असतात आणि ती त्या प्रकाशात उजळतात. पण एखादा अस्सल बिल्लाही नंतर कुणी धुतला असेल तर उजळेल. दिवा शंका देतो, निकाल देत नाही.

मला सेमिस्टरची फी भरायची होती. एका विक्रेत्याने सरळ सुचवलं, "त्या गनरच्या तुकडीचा बिल्ला मिळवून लाव. जुन्या भोकांतूनच शिवायचं. जिथे होता तिथेच तर लावतोयस, यात खोटं काय?"

मी या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. जॅकेटच्या मनगटाची विणलेली पट्टी झिजली की नौदलातही बदलत. ती दुरुस्ती, तिला कुणी लबाडी म्हणत नाही. जपानमधल्या बझ रिकसन्स, रिअल मॅकॉयज या कंपन्या याच जॅकेटांच्या हुबेहूब नकला बनवतात; तीही लबाडी नाही, कारण त्या स्वतःचं नाव सांगून विकतात. मग माझा बिल्ला खोटा का ठरावा? कारण भोक एवढंच सांगतं की इथे काहीतरी होतं. काय होतं, ते सांगत नाही. ती रिकामी जागा मी माझ्या फायद्याच्या उत्तराने भरणार होतो.

आणि हे खोटं माझ्यापाशी थांबलं नसतं. माझ्याकडून घेणारा पुढच्याला तेच सांगेल, तेही अगदी प्रामाणिकपणे. दहा वर्षांनी त्या गनरचा एखादा नातू कर्ज काढून दुसऱ्याच माणसाचं जॅकेट घरी नेईल. आणि जो परत आला, पुढे कितीतरी वर्षं जगला, त्याची या जॅकेटमधली खूण माझ्या हाताने पुसली जाईल. मेल्याबद्दल एकाला मान द्यायचा आणि जगल्याबद्दल दुसऱ्याला शिक्षा?

मी शेवटी जॅकेट विकलं. बिल्ल्याशिवाय. घेणाऱ्याने विचारलं, "बेपत्ता झालेल्याचं असण्याची शक्यता किती?" मी म्हणालो, उडताना अंगात असतं तर ते त्याच्याबरोबर समुद्रात गेलं असतं, जहाजावर राहिलं असेल तर घरच्यांकडे आलं असेल. आकडा मला सांगता येत नाही. त्याने घासाघीस केली. फीचे उरलेले पैसे मित्राकडून उसने घेतले, ते अजून फेडतोय.

नकाशाच्या खिशात मी एक चिठ्ठी ठेवली. दोघांची नावं, यादी कुठे पाहिली, काय जुळलं, काय जुळलं नाही.

आईने परवा विचारलं, "कुणाचं निघालं मग ते?"

"ठरलं नाही."

"मग चिठ्ठीत काय लिहिलंस?"

"तेच."