फुकटचं फ्रेंच

‘घरच्या घरी फ्रेंच शिकतोय’ असं कुणाला सांगून पाहा. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘का रे, कॅनडाला चाललायस का?’ प्रश्न अगदीच हवेतला नसतो. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत फ्रेंच येणाऱ्याला जादा गुण मिळतात आणि २०२३पासून चांगलं फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवडही होते. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा प्रश्न येतो, ‘मग भाषांतराची कामं घेणार का? बरे पैसे मिळतात म्हणे.’ त्यालाही नाही म्हणालात, की समोरचा विषय बदलतो.

तिसरा प्रश्न आपला आपल्यालाच पडतो, बहुधा रात्री साडेदहाला. नोकरी झाली, लोकलचा प्रवास झाला, जेवण झालं. हातात तासभर उरलाय. या तासात चार पैसे जास्तीचे कमावता आले असते. घरभाडं आहे, गाडीचा हप्ता आहे, गावी पैसे पाठवायचे आहेत, धाकट्या बहिणीची फी आहे. असं असताना क्रियापदांची रूपं घोकत बसणं शहाणपणाचं आहे का? आणि शहाणपणाचं सोडा, ते योग्य तरी आहे का?

हा प्रश्न वेळेच्या नियोजनाचा म्हणून विचारला, की त्याचं उत्तर एखादं ॲपसुद्धा देतं. पण तो त्याहून अवघड आहे. माझ्या रिकाम्या तासावर पहिला हक्क कोणाचा, असं त्यात विचारलेलं आहे.

आधी हिशेब मांडू. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरतं चांगलं फ्रेंच यायला बरीच वर्षं ६०० ते ७५० तास धरत असे, तेही वर्गात, शिक्षकासमोर. वरचा आकडा घेऊ. रोज पाऊण तास दिला तर ७५० तासांना बरोबर १००० दिवस लागतात, म्हणजे पावणेतीन वर्षं. याच तासांत तुम्ही शिकवणी घेतली, डेटा एन्ट्री केली किंवा कुणाचं इन्स्टाग्राम सांभाळलं आणि तासाला २०० रुपये मिळाले असं समजू. दीड लाख रुपये होतात. तुमच्या ‘फुकट’ फ्रेंचची ही खरी किंमत. ॲप फुकट असेल, यूट्यूबवरचे धडे फुकट असतील, पण तास फुकट नसतो.

यावर दोन सोपी उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं म्हणजे, जे शिकशील ते विक. दुसरं म्हणजे, ज्ञान विकायचं नसतं, छंद निर्मळ राहू दे.

दुसऱ्या उत्तराकडे आधी बघू, कारण ते ऐकायला जास्त चांगलं वाटतं. इंग्रजीतला ‘स्कूल’ आणि फ्रेंचमधला ‘एकोल’ हे दोन्ही शब्द ज्या ग्रीक ‘स्खोले’वरून आले, त्याचा मूळ अर्थ निवांतपणा. म्हणजे शिकायचं ते पोटाची चिंता नसताना. अ‍ॅरिस्टॉटलने या निवांतपणाची मोठी थोरवी सांगितली आहे. अडचण एवढीच, की त्या काळच्या नागरिकाचा निवांतपणा गुलामांच्या श्रमांवर उभा होता. आपल्याकडेही ज्ञानासाठी ज्ञान ही गोष्ट बहुतेक वेळा ज्यांच्या घरी धान्य आपोआप येत होतं त्यांनीच सांगितली. ज्याचा पगार वीस तारखेला संपतो त्याला ‘छंदाला पैशाचा विटाळ नको’ असं सांगणं हा उपदेश नाही, ती चेष्टा आहे.

आणि पैशाने प्रत्येक गोष्ट बिघडतेच असंही नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन चांगल्या गोष्टींचे तीन प्रकार करतो. काही गोष्टी आपल्याला केवळ त्यांच्यासाठी हव्या असतात, उदाहरणार्थ निरुपद्रवी सुखं. काही त्यांच्यासाठीही हव्या असतात आणि त्यांच्या फळांसाठीही. जसं दिसणं, विचार करता येणं, निरोगी असणं. आणि काही केवळ फळासाठी करायच्या असतात. जसं व्यायाम, औषधोपचार आणि पैसे कमावणं. यातल्या मधल्या प्रकाराला सॉक्रेटिस सगळ्यांत वरचं स्थान देतो. भाषा याच मधल्या प्रकारातली आहे. ती आवडते म्हणून शिकावी आणि तिने चार पैसेही द्यावेत, यात काहीच भ्रष्ट नाही. डोळ्यांनी सूर्यास्त पाहणाऱ्याने त्याच डोळ्यांनी हिशेबाची वही तपासली तर नजर मळत नाही.

मग पहिलं उत्तर बरोबर म्हणायचं का? शिका आणि विका? इथे जरा जपून.

समजा, पुण्यातल्या एका मुलीने दीड वर्ष खपून डेल्फची बी-१ पातळी गाठली. तिला जोडकमाई हवी आहे. तिला काम कोणतं मिळेल? शाळा-कॉलेजात बरीच मुलं फ्रेंच घेतात, कारण त्यात मार्क पडतात. म्हणजे मागणी आहे ती आठवी-नववीच्या शिकवणीला. ती शिकवणी घेऊ लागते. आठवड्यातले चार दिवस ‘मी आहे, तू आहेस, तो आहे’, फळांची नावं, घड्याळातले तास. पैसे मिळतात, मुलं पास होतात, यात वाईट काहीच नाही. फक्त वर्षभराने तिच्या लक्षात येतं, की आपलं स्वतःचं फ्रेंच बी-१वरून पुढे सरकलेलंच नाही. कादंबरी अर्धी पडली आहे. बाजाराने तिच्याकडून तिच्या ज्ञानाचा सगळ्यांत उथळ भाग विकत घेतला आणि त्यासाठी तिचे सगळ्यांत खोल तास वापरले.

पैशाने भाषा विटाळली नाही, पण तिचा कल बदलला. तास विकत घेणारा आपल्याला काय आवडतं हे विचारत नाही, त्याला काय हवं ते विचारतो. एकदा तासाला दर लागला, की न विकलेला प्रत्येक तास तोट्यात दिसू लागतो.

मराठीत या कमाईला दोन शब्द आहेत आणि दोघांची नैतिक चव वेगळी आहे. ‘वरकमाई’ म्हटलं की टेबलाखालचा हात आठवतो. ‘जोडधंदा’ म्हटलं की गोठा आठवतो. शेतीचा चांगला जोडधंदा शेतीला पोसतो. शेतातला कडबा जनावराला जातो, जनावराचं शेण शेतात परत येतं. माझ्या मते कोणत्याही जोडकमाईची हीच कसोटी असावी. तिच्यातून काही शेतात परत येतं का? त्या मुलीला शिकवणीच्या पैशांतून पुढच्या परीक्षेची फी भरता आली, आठवड्यातल्या दोन रात्री मोकळ्या राखता आल्या, तर तो जोडधंदा. सगळ्या रात्री गेल्या आणि हातात केवळ रक्कम उरली, तर गाईने शेतच खाल्लं म्हणायचं.

त्यात आता आणखी एक गोष्ट झाली आहे. फोन समोर धरला की फ्रेंच पाटी मराठीत वाचता येते. साध्या पत्राचं भाषांतर यंत्र क्षणात करतं, तेही पैसे न घेता. म्हणजे फळाची खात्री राहिलेली नाही. जो केवळ फळासाठी शिकत होता त्याने थांबावं, हे रास्तच आहे. ज्याला थांबावंसं वाटत नाही, त्याने मात्र आपल्याला नेमकं काय मिळतंय हे नीट पाहावं.

काय मिळतं? फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘कात्र-व्हँ’ म्हणतात, म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. आपण हसतो आणि मग आठवतं, की खेड्यातली जुनी माणसंही विसांनीच मोजत. त्यांचे ‘चार विसा’ म्हणजे ऐंशीच. आणि जी भाषा ७९ला ‘एकोणऐंशी’ म्हणते, तिने कुणाच्या आकड्यांना हसू नये. किंवा ‘त्युत्वाये’ हे क्रियापद घ्या. कुणाला ‘त्यु’ म्हणणं, म्हणजे तू म्हणणं. इंग्रजीत त्याला एक सरळ शब्द सापडत नाही, मराठीत मात्र तो तयार आहे, अरेतुरे करणं. ‘व्हूव्हाये’ म्हणजे अहोजाहो करणं. नव्या ओळखीच्या माणसाला अहोवरून अरेवर कधी आणायचं, या प्रश्नाने पॅरिसमधला माणूसही अवघडतो. दहा वर्षं ऑफिसात इंग्रजी ‘यू’ वापरताना आपण काय गमावत होतो, हे तिसऱ्या भाषेने दाखवलं. हे कोणत्या बिलात लावणार? पण याने माणूस बदलतो. आईशी फोनवर बोलताना आपल्याच भाषेतला एखादा शब्द त्याला नव्याने ऐकू येतो.

रात्रीच्या तासाचा हा झगडा नवा नाही. जाक रांसिएर या फ्रेंच तत्त्वज्ञाचं १९८१ सालचं एक पुस्तक आहे, ‘ला न्युई दे प्रोलेतेर’, म्हणजे कामगारांची रात्र. १८३०च्या आसपासचे फ्रान्समधले सुतार, शिंपी, चांभार दिवसभर राबल्यावर रात्री काय करत होते, ते त्याने जुन्या कागदपत्रांतून शोधलं. त्यांच्यातले काही कविता लिहीत होते, मासिकं काढत होते, तत्त्वज्ञानावर वाद घालत होते. या रात्रींतून त्यांना पगारवाढ मिळणार नव्हती आणि झोप तर जातच होती. पण ‘हात चालवणारे वेगळे, विचार करणारे वेगळे’ ही समाजाची वाटणी ते रोज रात्री मोडत होते.

त्यांच्यातला एक सुतार होता, गाब्रिएल गोनी. तो लोकांच्या घरांत लाकडी फरशा बसवायचा. रोजंदारी सोडून त्याने अंगावर काम घ्यायला सुरुवात केली. त्यात मिळकतीची शाश्वती नव्हती, पण डोक्यावर मुकादम नव्हता. रांसिएर इथे भाबडा होत नाही. असा माणूस स्वतःच स्वतःला जास्त राबवतो, हेही तो दाखवतो. फ्रीलान्सिंग करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. गोनीने त्यावर काढलेला उपाय विचार करण्यासारखा आहे. त्याने कमाई वाढवण्याआधी खर्चाचा बारीक हिशेब मांडला. किती पैसे पुरतील हे ठरवलं, म्हणजे उरलेला वेळ आपला. त्या काटकसरीच्या हिशेबातही बुटांना मात्र मान होता, कारण त्याला शहरभर पायी हिंडायचं, माणसांना भेटायचं होतं.

मला यात उत्तराचा एक धागा दिसतो. बहिणीची फी थकवून फ्रेंच शिकणं योग्य नाही. तिथे पहिला हक्क तिचा, आणि सगळे तास कमाईत गेले तरी तक्रार नको. पण गरजेला आकडा असतो आणि हव्यासाला नसतो. म्हणून जोडकमाई सुरू करण्यापूर्वी ‘किती झाले की पुरे’ हा आकडा लिहून ठेवावा. तो नसेल, तर प्रत्येक रात्र कुठल्या तरी पुढच्या महिन्याकडे गहाण पडते. आणि ‘आधी पैसे, मग शिकणं’ असं सरसकट म्हणणाऱ्याला विचारावं, की कमी पगाराच्या माणसाने कामाशिवाय दुसरं काही असूच नये असं तुझं म्हणणं आहे का?

फ्रेंचमध्ये ‘ग्रात्युई’ असा शब्द आहे. त्याचे दोन अर्थ आहेत, एक विनामूल्य आणि दुसरा विनाकारण. मराठी ‘फुकट’ही तसाच दुहेरी आहे, दाम न देता मिळालेलं आणि वाया गेलेलं. दोन्ही भाषांना एकच शंका आहे, की ज्याला दाम नाही त्याला अर्थही नसावा. रोजचा तो पाऊण तास म्हणजे या शंकेला दिलेलं उत्तर आहे. ते १००० दिवस द्यावं लागतं, आणि मधल्या कुठल्याही दिवशी ते पटेलच असं नाही.