पाणीवाटप आणि यज्ञशेष

धुळ्याच्या कारागृहात १९३२ साली दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या पांझरेच्या काठी ते शहर वसले आहे, तिच्याच वरच्या अंगाला साक्री तालुक्यात, तिसऱ्या अध्यायातील यज्ञविचाराशी निकटचे नाते सांगणारी एक वहिवाट काही शतके चालत आली आहे, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ही वहिवाट म्हणजे फडपद्धती. नदीला दगडी बंधारा घालून पाट काढावा, पाटाखालचे सारे रान तीन-चार फडांत विभागावे, एका फडात एका हंगामास सर्वांनी एकच पीक घ्यावे, आणि होता होईतो प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असावा, अशी तिची रचना. पाणी फिरवायचे ते पाटकऱ्याने. शेताच्या धन्याने चारीला हात लावायचा नाही. फावड्याने चारीचे तोंड फोडून पाटकरी शेतामागून शेत भिजवीत जातो, आणि धनी बांधावर उभा असो वा घरी निजलेला असो, त्याच्या वाफ्याच्या वाट्यात फरक पडत नाही. राखणीला जागल्या, तंट्याला पंच. पाऊस उणा गेला, तर पंच एखादा फड त्या साली ओलिताबाहेर ठेवतात. आणि त्या फडात सर्वांचेच तुकडे असल्यामुळे तूट कोणा एकाच्या पदरी पडत नाही.

जलव्यवस्थापनाचे आधुनिक शास्त्र पाणीवाटपाच्या याच प्रश्नाला गणिताने भिडते. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने धरण, कालवा, वीज व शेती यांचा एकत्र हिशेब मांडून महत्तम लाभ कसा साधावा, याची रीत घालून दिली. या शास्त्राविषयी मला आदर आहे. गिरणा किंवा हतनूर धरणातून कोणत्या महिन्यात किती पाणी सोडावे हे अदमासाने ठरविणे, हा रयतेवर अन्यायच होय. परंतु महत्तम करावयाचे ते काय, हे गणित सांगत नाही. कालव्याचे पाणी दूर नेताना पाझरून व वाफ होऊन घटते. सबब केवळ एकूण उत्पन्न वाढवावयाचे म्हटले, तर पुच्छभागातील शेतकऱ्याचे पाणी तोडून मुखाजवळच्या उसाला द्यावे, असाच निकाल बहुधा निघेल. प्रत्येकास किमान वाटा मिळालाच पाहिजे, अशी अट त्या समीकरणात घालता येते, आणि घातलीच पाहिजे. पण ती अट धर्मबुद्धीतून येते, समीकरणातून नव्हे. यज्ञात अर्पून उरलेला यज्ञशेष न घेता केवळ स्वतःसाठी रांधणारा पाप भक्षण करतो, असे गीता म्हणते, तेव्हा ती दानाची शिकवण देत नाही; आपल्या ताटात जे आले ते अनेकांच्या हातून आले, या ऋणाची जाणीव देते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. फडातील शेतकरी तूट सोसतो ती स्वतःचाही तुकडा प्रत्येक फडात आहे म्हणून. मग या स्वार्थाधिष्ठित आचरणास धर्म म्हणावे काय? अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या १९१६ पासूनच्या परंपरेला शोभेल असाच हा प्रश्न आहे. मला वाटते, माणसाचे हित शेजाऱ्याच्या हिताशी असे गुंतवून ठेवणारी व्यवस्था उभी करणे, हाच लोकसंग्रह होय; निष्काम पुरुषाची वाट पाहत पाटाची पाळी थांबवता येत नाही. मात्र ज्याचा एकाही फडात तुकडा नाही, त्या भूमिहीनाचा विचार या व्यवस्थेने केला नाही, आणि खालच्या अंगाच्या गावांचाही नाही. तिचा धर्म पाटाच्या कडेशी संपला.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे आज पाणीवाटपाचा हा प्रश्न भूमीच्या पोटात उतरला आहे. ठिबकने केळीच्या खोडाला मोजके पाणी मिळते, ही मोठीच सिद्धी. पण वाचलेल्या पाण्यावर नवी बाग उभी राहिली, तर भूजलाच्या वाट्याला काहीच उरत नाही, आणि ज्याची कूपनलिका खोल त्याचा हक्क मोठा, असा दंडक आपोआप रूढ होतो. सातपुड्याच्या पायथ्याचे ते भूजल सर्वांचे असूनही त्याला ना पाटकरी, ना पंच. या गावांनी आपल्या विहिरींची पातळी एकत्र मोजावी, पाऊस उणा गेलेल्या साली केळीची नवी लागण किती कमी करावयाची हे सांगणारे पंच नेमावेत, आणि त्या पंचांत शेतमजुरालाही जागा द्यावी, अशी माझी मागणी आहे.