एवढे तरी राहू द्या

दारू सोडलेल्या माणसाच्या हाती बिडी-सिगारेट दिसली की आपण डोळेझाक करतो. ‘एवढे मोठे व्यसन सुटले, एवढे तरी राहू द्या,’ असे म्हणताना आपण स्वतःला दयाळू समजतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी 1934 साली दारू कायमची सोडली आणि असंख्यांना ती वाट दाखवली. 1971 साली त्यांचा अंत झाला तो मात्र एम्फिसीमा या फुप्फुसांच्या विकाराने. धूम्रपान त्यांनी दीर्घकाळ केले होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात व्यसनोपचार घेतलेल्या 845 जणांचा मागोवा 1996 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक मृत्यूंशी तंबाखूचा संबंध होता, दारूचा सुमारे एकतृतीयांश मृत्यूंशी.

दोन्ही एकदम सोडायला लावले तर माणूस पुन्हा बाटलीकडे वळेल, ही भीती जुनी आहे. 2004 सालच्या एका संकलित अभ्यासात उलटेच आढळले: उपचारांतच तंबाखू सोडण्यास साहाय्य मिळालेल्यांची इतर व्यसनांपासून दूर राहण्याची शक्यता 25 टक्क्यांनी अधिक होती.

तरीही सक्ती आम्हांस रुचत नाही. सभेनंतर कट्ट्यावर पेटणारी बिडी ही नुसती तलफ नसते, सोबतही असते. घरच्यांनी पाठ फिरवलेल्याला ती सोबत लहान नाही. तेव्हा कधी सोडायची, हे त्यानेच ठरवावे. पण ‘याला एवढेच झेपेल’ हा निर्णय आपण त्याच्या वतीने, त्याला न विचारता, आधीच घेऊन टाकलेला असतो. त्याला दया म्हणणे आम्हांस जड जाते.