पाहण्याचे ऋण

नाताळची सुटी लागली की शहरोशहरच्या शाळा-महाविद्यालयांच्या बसगाड्या परतवाडा ओलांडून मेळघाटचे घाट चढू लागतात. अमरावती-अकोल्याकडील मुले तर जातातच, पण अलीकडे मुंबई-वसईकडीलही येतात. आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींचे गट घेऊन आम्हीही अनेकदा गेलो आहोत. कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. चिखलदरा, गाविलगडचा किल्ला, सेमाडोह, कोलकासला सिपना नदीचा काठ आणि वेळ उरल्यास धारणी तालुक्यातील लवादा या गावी बांबूचे काम. परतीच्या वाटेवर मुलांना विचारावे, काय पाहिलेत? जे दिसले नाही तेच प्रथम सांगितले जाते. वाघ दिसला नाही.

या उत्तराचे आम्हांला हसू येत नाही. त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. पाहणे ही निरुपद्रवी क्रिया आहे, तिने कोणाचे काही उणे होत नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. फूल तोडू नये, हरणाला दगड मारू नये, कचरा टाकू नये, एवढी पथ्ये पाळली की आपले कर्तव्य संपले. पण नुसत्या पाहण्यालाही काही नीती असते काय? पाहणारा ज्या गोष्टीकडे पाहतो तिचे काही देणे लागतो काय?

मुलांची दुसरी तक्रार जंगलाविषयीच असते. दूरचित्रवाणीवर ॲमेझॉनची आणि बोर्निओची वर्षावने पाहून त्यांच्या मनात जंगलाचे एक चित्र पक्के झालेले असते: बारमाही हिरवे, ओले, वेलींनी गच्च. मेळघाट तसा नाही. तो शुष्क पानझडीचा प्रदेश आहे. येथील राजा साग, आणि उन्हाळ्यात तो सगळी पाने टाकून उघडा उभा राहतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिळालेल्या पाण्यावर उरलेले आठ महिने काढायचे, तर पाने सांभाळणे परवडत नाही. जे मुलांना वाळलेले रान वाटते ते वस्तुतः काटकसरीने जगणारे रान आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या नद्या येथूनच तापीला पाणी देतात. सिपना या शब्दाचा कोरकू भाषेतील अर्थ साग. नदीला झाडाचे नाव देणाऱ्यांनी हे रान कसे पाहिले असेल, याचा विचार करणे वाघ शोधण्याहून कमी रोमांचक नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात डोळ्यांच्या हव्यासाचा विचार केला आहे. रानात सशामागे धावणारा कुत्रा दिसला, की आपले चित्त चिंतनातून सुटून तिकडे ओढले जाते. घरात पाल माशी पकडताना दिसली तरी तेच होते, याची त्यांना खंत वाटते. पालीच्या बाबतीत संतमहाराज स्वतःवर जरा अधिकच कठोर झाले, असे आमचे नम्र मत आहे. सेमिनरीतल्या तासाला या प्रकरणावर पुष्कळ हशा होत असे. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विषय अधिक समतोलपणे हाताळला. त्यांनी दोन वृत्ती वेगळ्या केल्या: एक अभ्यासवृत्ती, दुसरी नुसती चौकसबाजी. ज्ञानाची ओढ दोन्हींत असते. पण चौकसबाजीला गोष्ट कशी आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. ‘मी पाहिले’ हे सांगता आले की तिची भूक भागते. अभ्यासवृत्तीला मात्र वस्तूपुढे थांबावे लागते आणि वस्तू सांगेल ते ऐकावे लागते.

‘मी पाहिले’ या दोन शब्दांचा मोह माणसाला कोठवर नेतो, याची एक कथा याच रानातल्या एका पक्ष्याशी निगडित आहे. ती आम्ही मुलांना आवर्जून सांगतो.

या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. आपल्या गावाशिवारातल्या पिंगळ्याचा हा चुलतभाऊ. पण याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि घुबडाच्या कुळात जन्मूनही तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून शिकार करतो. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी शास्त्रीय जगाला त्याचा परिचय करून दिला. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. त्यानंतर थोडेच नमुने मिळाले, त्यांपैकी काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेना. फक्त एक नोंद अपवाद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे नमूद केले होते. हा गृहस्थ नामांकित पक्षितज्ज्ञ होता, त्याचा संग्रह मोठा होता, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. पुढच्या काळात ज्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, त्यांनी त्या नोंदीवर विसंबून गुजरातेत शोधले आणि ते रिकाम्या हाताने परतले. पक्षी नामशेष झाला असावा, असा समज बळावला.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने संग्रहालयातील तो नमुना बारकाईने तपासला. आतील भरण, टाके, पंखांची बांधणी, सर्व काही डेव्हिडसनच्या हातचे होते. म्हणजे माइनर्ट्झहागनने संग्रहालयातील जुना नमुना चोरला होता, तो पुन्हा सजवला होता आणि त्याला खोट्या स्थळाची व खोट्या सालाची चिठ्ठी बांधली होती. ती चिठ्ठी बाजूला सारताच शोधाची दिशा बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनंतर. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचे आढळले आणि २०१४ साली तर तो मुंबईच्या उंबरठ्यावर, तानसा अभयारण्यातही दिसला.

वाचकहो, या प्रकरणातील चोरीपेक्षा आम्हांला खोटी साक्ष अधिक अस्वस्थ करते. चोरीने संग्रहालयाचा एक नमुना गेला. खोट्या चिठ्ठीने प्रामाणिक माणसांची वर्षे गेली; आणि पक्षी भलत्याच ठिकाणी शोधला जात असताना त्याचे खरे रान कोणाच्या ध्यानी न येता तुटत राहिले. ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. येथे शेजारी वीतभर उंचीचा पक्षी होता आणि साक्षीदार मरण पावल्यावर तीस वर्षांनी खटला निकाली निघाला. राजस्थानातील सारिस्काचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. तेथे कागदोपत्री वाघ होते आणि २००५ साली रानात एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतरच देशभर पाउलखुणांवरची मोजणी बाजूला पडून स्वयंचलित कॅमेऱ्यांनी मोजणी सुरू झाली. सहलीच्या वहीत ‘बिबळ्या दिसला’ असे लिहून मित्रांवर छाप पाडणारा विद्यार्थी या मोठ्या लबाड्यांचा बारीकसा वारसदार असतो, हे त्याला गोडीने सांगितले तर पटते, असा आमचा अनुभव आहे.

मग खरे पाहायचे तर काय काय पाहावे लागते? येथे प्रश्न अवघड होतो. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. वाघाला एकान्त हवा, म्हणून गाभ्यातील गावे बाहेर नेण्याचे ठरले. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे हलली आणि त्यानंतर आणखी पुष्कळ. अनेकांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यात, अकोटच्या मैदानी भागात झाले. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये अशी तरतूद आहे. सरकारची बाजू आम्ही हलकी मानत नाही. शाळा, दवाखाना, वीज, रस्ता या गोष्टी रानाच्या पोटात पोहोचत नाहीत, आणि १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राची मान खाली गेली होती, हे विसरता येत नाही. रानात राहणे म्हणजे सुखच, असे शहरात बसून म्हणणारांशी आमचे जमत नाही. परंतु पुनर्वसित गावांतील काही कुटुंबे पुढे आजारपण, मृत्यू आणि न मिळालेली जमीन यांची गाऱ्हाणी सांगत परत रानात गेली, जानेवारी २०१९ मध्ये वनखाते व पोलीस यांच्याशी त्यांची चकमक झाली आणि माणसे जखमी झाली, हेही तितकेच खरे. ज्या गवताळ मोकळणीत आज सांबरे चरताना पाहून मुले हरखतात, तेथे कधी काळी कोणाचे ज्वारीचे शेत असू शकते. त्या मोकळणीचे सौंदर्य खोटे ठरत नाही. पण त्याची किंमत आपण मोजलेली नाही, ती दुसऱ्या कोणी मोजली आहे, एवढे पाहणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. हे ठाऊक झाल्यावर आनंद थोडा कमी होतो, असे एक विद्यार्थिनी म्हणाली. तिचे म्हणणे खरे आहे, आणि त्यावर उतारा शोधण्याची आम्हांला गरज वाटली नाही.

पाहुणा हा शब्द ऐकून पाहणे या क्रियापदाशी त्याचे नाते असावे असे वाटते. ते तसे नाही. पाहुणा आला संस्कृतातील प्राघुण या शब्दावरून. पण कानाला जे वाटते त्यातही बोध आहे. वऱ्हाडात घरी आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग विचारपूस करतात. पाहुण्याने यजमानाचे नाव-गाव न विचारता केवळ भिंतीवरच्या तसबिरी पाहून निघून जाणे कोणत्याही घरी शोभणार नाही. मेळघाटचा यजमान मुख्यतः कोरकू समाज. कोरो म्हणजे माणूस, आणि कोरकू हे त्याचे अनेकवचन: माणसे. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातील भाषांत सर्वांत पश्चिमेकडची. आता आम्ही निघण्यापूर्वी मुलांना कोरकू भाषेचे दहा-पंधरा शब्द पाठ करायला लावतो. उच्चार चुकतात, यजमान हसतात, आणि बोलणे सुरू होते.

लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने तेथे वस्ती करून ते उभे केले. सुनीलजी २०२१ साली करोनाच्या साथीत गेले. येथील बांबूच्या राख्या दूरदूर पोहोचल्या आहेत. मुलांना सर्वांत नवल वाटते ते कोयत्याच्या एका घावात बांबू सरळ उभा फाटतो याचे, आणि मग कामट्या एकसारख्या पातळ होत जाण्याचे. हेच काम स्वतः करायला घेतले की पाच मिनिटांत बोट कापते. बांबू वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत, पण १९२७ च्या वनकायद्याने त्याला झाड ठरवले. मग ते तोडणे हा झाडतोडीचा गुन्हा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज मानला गेला, आणि वनाबाहेर वाढलेल्या बांबूची झाडपणातून सुटका व्हायला २०१७ साल उजाडले. एका चुकीच्या शब्दाने किती हातांचे काम अडते! माइनर्ट्झहागनच्या चिठ्ठीची येथे पुन्हा आठवण होते.

वस्तू विकत घेताना मुले दोन प्रकारे वागतात. काही घासाघीस करतात. काही, आम्ही आधी उपदेश केला असल्यामुळे, सांगितलेल्या किमतीहून अधिक देऊ पाहतात. पहिला प्रकार वाईट हे सर्वांना कळते. दुसऱ्याविषयी आमचे मत कदाचित वाचकांना कठोर वाटेल. दयेपोटी दिलेली जादा रक्कम कारागिराला भिक्षेकऱ्याच्या ओळीत बसवते. आपल्याकडची एखादी आजी सूप घेताना कसे घेते ते आठवावे. ती ते उजेडापुढे धरते, कड दाबून पाहते, हलवून पाहते, वीण सैल असेल तर परत करते आणि चांगले असेल तर म्हणते, हात चांगला आहे. मग घरी नेऊन कागदाचा लगदा आणि मेथीने लिंपते व वर्षानुवर्षे पाखडते. तिने त्या कारागिराला जो मान दिला तो भिंतीवर शोभेसाठी सूप टांगणाऱ्याला देता येत नाही. न्याय्य किंमत म्हणजे कामाला काम म्हणून पारखून दिलेली किंमत.

आणि काही वस्तूंना किंमतच नसते. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तितक्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते, ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही, असा भेद जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली केला. तो समजावून सांगायला मेळघाटात ग्रंथ लागत नाही. कोरकू समाज आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागाची कोरीव फळी उभारतो. तिला मुंडा म्हणतात. तीवर सूर्य असतो, चंद्र असतो, घोडेस्वार असतो. सिडोलीचा विधी करून मृताला पितरांत सामील केले जाते. कोरीव काम इतके देखणे असते की एका विद्यार्थ्याने, अगदी निरागसपणे, असा मुंडा बनवून विकत मिळेल काय, असे विचारले. सोबतच्या म्हाताऱ्याला राग आला नाही. त्याने उलट विचारले, कोण गेले तुमच्या घरी?

त्या रात्री मुक्कामी चर्चेत हाच विषय निघाला. गाव रानाबाहेर जाते, तेव्हा मुंड्यांचे काय होत असेल? मोबदला कुटुंबामागे मोजतात, प्रौढ मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. पूर्वज कोणत्याच यादीत येत नाहीत. आपण २ नोव्हेंबरला दफनभूमीत जातो, कबरी धुतो, मेणबत्त्या लावतो. ती दफनभूमी एखाद्या फाटकाच्या आत गेली तर? ज्याने मुंडा विकत मागितला होता त्याच मुलाने विचारले की, आपल्या आजोबांच्या मुंड्यापाशी जायला त्या लोकांना आपल्यासारखी प्रवेशाची पावती फाडावी लागते काय? आमच्यापैकी कोणालाच ते सांगता येईना. वनाधिकाऱ्यांना विचारावे असे ठरले, आणि घरी आल्यावर त्याने तसे पत्र टाकले आहे.