घरातला अबोला आणि सम्यक वाचा



पंचशील ग्रहण करताना चौथ्या शीलाने आपण खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा घेतो. सम्यक वाचेचा अर्थ त्याहून व्यापक आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, निरर्थक बडबड करू नये, असे तिचे चार भाग सांगितले आहेत. हे ऐकून पुष्कळांना वाटते की, जो बोलतच नाही त्याच्या हातून वाचेचा दोष कसा घडणार? आज मी तुमच्यापुढे हाच प्रश्न ठेवतो. पतीपत्नीत भांडण झाले आणि एकाने आठ-आठ दिवस तोंड उघडले नाही, तर त्याने शील पाळले की मोडले?

हा प्रश्न पुस्तकातला नाही, तुमच्या-माझ्या घरातला आहे. कारण बहुधा क्षुल्लक असते. माहेरच्या लग्नात आहेर किती करायचा यावरून एक शब्द वर जातो. दुसऱ्या दिवशी भाकरी भाजली जाते, ताट वाढले जाते, पण शब्द नाही. मग पोराला मध्ये घातले जाते. "तुझ्या बापाला विचार, डबा नेणार आहे का." बाप दोन हातांवर बसलेला असतो. तो म्हणतो, "तुझ्या आईला सांग, आज नको." पोर एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. शेजाऱ्यांना मात्र वाटते, किती शांत घर आहे!

ही शांतता आहे काय? विनयपिटकातील महावग्गात याचे उत्तर मिळते. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावास एकत्र काढला. आपसांत तंटा होऊ नये म्हणून त्यांनी युक्ती काढली की, तीन महिने कोणी कोणाशी बोलायचेच नाही. काम पडले तर हाताने खूण करायची. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला भगवंतांकडे गेले आणि आम्ही गुण्यागोविंदाने राहिलो, असे त्यांनी सांगितले. भगवंतांनी त्यांची पाठ थोपटली नाही. जनावरे एका गोठ्यात राहतात तसे तुम्ही राहिलात, असा त्यांना दोष दिला आणि मुक्याचे व्रत घेण्यास मनाई केली. भांडण नसणे म्हणजे मैत्री असणे नव्हे, हाच याचा अर्थ.

दुसरी कथा छन्नाची. राजपुत्र सिद्धार्थाचा सारथी छन्न पुढे भिक्षू झाला. जुन्या ओळखीचा त्याला गर्व होता. तो इतर भिक्षूंना वाटेल तसे बोले आणि कोणाचे ऐकत नसे. महापरिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी आनंदाला सांगितले की, छन्नाला ब्रह्मदंड द्यावा. तो काय बोलेल ते बोलू द्यावे, पण कोणीही त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. कोसंबीत हा दंड ऐकताच छन्न मूर्च्छित होऊन पडला. पुढे त्याने स्वतःला सुधारले आणि दंड संपला.

नीट विचार करा. हा दंड साऱ्या संघाने दिला होता. अपराध काय, तो छन्नाला ठाऊक होता, आणि सुटकेची वाट मोकळी होती. आपण घरात तोच दंड भाजीत मीठ जास्त पडले म्हणून देतो. आरोप सांगत नाही, समोरच्याचे ऐकत नाही. आरोप करणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकच माणूस असतो.

आणि हा दंड आपल्याला काय नवा आहे? गावाने बहिष्कार घातला की दुकानदार मीठ देत नसे, गिरणीवाला दळण घेत नसे, ओळखीचा माणूस रस्त्यात मान फिरवून जाई. मारापेक्षा ती फिरवलेली मान अधिक झोंबे, असे आपले वडीलधारे सांगत. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढले आणि 1927 साली 'बहिष्कृत भारत'. ज्या समाजाच्या पत्रांची नावे अशी होती, त्या समाजातला माणूस आपल्याच घरात कोणाला मुके करतो, कोणाला वाळीत टाकतो, तेव्हा त्याने जुने ते खरोखर टाकले काय?

येथे एक भेद मात्र केला पाहिजे. राग आल्यावर घटकाभर गप्प राहणे हा अबोला नव्हे. "आत्ता माझे डोके तापले आहे, संध्याकाळी बोलू," एवढे सांगून जो उठतो तो वाचेचे रक्षणच करतो. तसेच, बोलले की मार बसतो म्हणून जी स्त्री गप्प राहते तिचा तो अबोला नव्हे, ते भय आहे. तिला समजुतीचे चार शब्द शिकवू नका, तिच्या पाठीशी उभे राहा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाचारच मानले आहे. आणि जिचे बोलणे घरात कधी ऐकलेच जात नाही, तिच्या हाती अबोल्याखेरीज शस्त्र उरत नाही, हे पुरुषांनी लक्षात घ्यावे. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, बरोबरीची व्हावे, दासी होऊ नये. मैत्रिणीशी माणूस बोलतो. हुकूम देणे किंवा तोंड फिरवणे, हे दोन्ही मालकाचे प्रकार आहेत.

मग उपाय काय? त्या मुक्या भिक्षूंना भगवंतांनी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येकाने इतरांना विनवायचे की, माझे जे चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा ज्याची तुम्हाला शंका आली ते मला सांगा, मी सुधारीन. येथे दुसऱ्याचे दोष काढण्यापासून आरंभ नाही. माझा दोष सांगा, येथून आरंभ आहे. आणि सांगणाऱ्यासाठीही पाच पथ्ये आहेत. योग्य वेळी सांगावे, खरे तेच सांगावे, सौम्यपणे सांगावे, हिताचे सांगावे, मैत्रीभावाने सांगावे.

पौर्णिमेला घरात वंदना झाली आणि मुले झोपली की, दोघांनी समोरासमोर बसावे. पतीने आधी विचारावे, "या महिन्यात माझे काय चुकले?" विचारून झाल्यावर मध्येच तोंड घालू नये, पुरते ऐकावे. मग पत्नीने विचारावे. पहिल्या खेपेस जड जाईल. कदाचित ती म्हणेल, "काही नाही." तरी पुढच्या पौर्णिमेस पुन्हा विचारा. वर्षानुवर्षे ज्याला कोणी विचारले नाही, त्याचा विश्वास एका रात्रीत बसत नाही.

आणि त्या पोराला मधून मोकळे करा. निरोप्याचे काम त्याचे नाही.