थंडावा कोणासाठी?

उमरखेडचा मे महिना ज्याने एकदा काढला आहे, त्याला थंडाव्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका दुपारी माझा भाचा म्हणाला, "मामा, कॉम्प्युटरला पाण्याचं कूलर बसवतो."

तो लग्नांची चित्रणे जोडून देण्याचा व्यवसाय करतो. लगीनसराईत कामाचा ढीग पडतो, म्हणून यंत्राचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जोराने पळवायचे त्याच्या मनात होते. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पळवला की तो तापतो. फार तापला की आपणहून गती कमी करतो, आणि तेवढ्यानेही न भागले तर यंत्र बंद पडते. मग थंडावा वाढवला तर बिघडले कुठे?

आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. गती १० टक्के वाढवायची तर बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो. तोही १० टक्केच वाढला असे धरू. विजेचा खर्च गतीच्या प्रमाणात वाढतो आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. म्हणजे कामात फार तर १० टक्के लाभ आणि उष्णतेत सुमारे ३३ टक्के भर! शिवाय पंखा लावा की नळीतून पाणी फिरवा, प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होणार नाही; आणि आमच्या खोलीतच ४० अंश. वाढीव दाबाने आतल्या बारीक तारांची झीज होते, तीही थंडाव्याने मंदावते, थांबत नाही. २०२२ साली द्रवरूप हेलियम ओतून एक प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला गेला. पण तो विक्रम होता, त्यावर कोणी लग्नाचे चित्रण जोडले नाही.

सारांश, थंडावा उपयोगी पडतो, पण बेताचा. एवढ्यावर विषय मिटायचा. पण मी शहाणपणाने म्हणालो, "अरे, ज्याला थंडावा दिला त्याला तो भोगू तरी द्यावा. दिला की लगेच जास्त जुंपायचं, हा कुठला न्याय?"

"मामा, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकता, पुरणपोळी चारता, आणि मग पुन्हा जुंपताच की!"

उत्तर बिनतोड होते. तरी मला वाटते, त्यात एक फरक आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो दिवस त्याचा असतो. आणि खांदा चोळणारा हात सूज कुठे आहे, कातडी कुठे सोलली आहे, हेही चाचपून पाहतो. त्यातून त्या जिवाची मर्यादा कळते. यंत्राला अर्थात वेदना नाही, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणण्याचे कारण नाही. पण यंत्राशी वागताना जी सवय जडते, ती यंत्रापाशीच थांबते का?

आतून आमच्या सौ. हे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघरात तो मोठा पंखा बसवलात, तो माझ्यासाठी की फराळासाठी?"

मी गप्प झालो. तीन वर्षांपूर्वी मी पंखा आणि नवा मिक्सर आणला तेव्हा स्वतःवर फार खूश होतो. त्याच दिवाळीपासून धाकट्या भावाच्या घरचा आणि पुण्याच्या मुलीकडचा फराळही आमच्याच चुलीवर होऊ लागला. "आता तुला सोपं झालंय," असे मीच म्हणालो होतो. चुलीपुढचा घाम कमी झाला, पण पाठीचे दुखणे वाढले. ते मोजायला माझ्याजवळ काटा नव्हता, आणि मी तिला विचारलेही नव्हते.

मग काम व्हायचे कसे? याचे एक उत्तर आपल्या वऱ्हाडातल्याच माणसाच्या नावाशी जोडलेले आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. परदेशात १९८५ साली क्रे-२ हा महासंगणक आला, त्याची मंडले थंड ठेवण्यासाठी द्रवात बुडवून ठेवावी लागत. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्यात एकाच मेंदूला धाप लागेपर्यंत पळवलेले नव्हते. अनेक साध्या प्रोसेसरांनी एक काम वाटून घेतले होते. पुढे २००५ च्या सुमारास घरगुती संगणकही याच वाटेला लागले, कारण गती वाढवत नेली तर उष्णता आवरेना. एका मेंदूत दोन, चार, आठ गाभे आले.

भाच्याने पाण्याचे कूलर आणले नाही. पंखा मोठा बसवला, गती मात्र मूळचीच ठेवली. अर्धे काम मित्राच्या यंत्रावर दिले, मजुरीही वाटून घेतली, आणि दोन गिऱ्हाइकांना आठ दिवस थांबायला सांगितले. त्यांनी कुरकुर केली, पण ते थांबले.

आमच्या घरात पंखा आहे तिथेच आहे. या दिवाळीला भावाकडचे लाडू भावाकडेच वळले जात आहेत, आणि चकलीचा सोऱ्या माझ्या हाती आला आहे. चकल्या वाकड्या होतात, मधेच तुटतात. सौ. पंख्याखाली बसून त्या पाहतात आणि हसतात. तो वारा त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लागत असावा.